'हे खरं चायनीज नाही' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. न्यू जर्सीतल्या आमच्या दुकानातून तुम्ही पार्सल नेलंत आणि लिहिलंत की जनरल त्सो चिकन (सॉसमध्ये घोळलेलं तळलेलं चिकन) गोड होतं, जिकडेतिकडे ब्रोकोली होती, मंच्युरियन मिळालं नाही, आणि हे सगळं अमेरिकनांसाठी केलेलं नकली चायनीज आहे. गोड आहेच ते, तुम्हाला नाही आवडलं तर माझं काही म्हणणं नाही. पण नकली म्हणालात ते लागलं.

१८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना बंदी घातली. ती १९४३ पर्यंत होती. सूट फक्त व्यापारी वगैरे मोजक्यांना. १९१५ मध्ये न्यायालयाने हॉटेलमालकालाही व्यापारी मानलं, तेव्हा भावकीने पैसे गोळा करून हॉटेलं काढली, कारण मालक म्हणून गावी जाऊन परत येता येई, घरच्यांना आणता येई. यातले बरेचसे दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताकडचे, आणि कितीतरी जणांनी आधी कधी कढई धरलेली नव्हती. गिऱ्हाईक गोरं. त्याला हाडं नकोत, माशाचं डोकं नको. गावाकडची काय्लान भाजी सगळीकडे मिळेना, तिच्या जागी ब्रोकोली आली. पोट भरायचं होतं, फसवायचं नव्हतं कुणाला.

जनरल त्सो चिकन चीनमधल्या हूनान प्रांताचे आचारी पंग चांग-क्वे यांनी १९५०च्या दशकात तैवानमध्ये केलं, आणि ते गोड नव्हतं. साखर आणि कुरकुरीत आवरण आलं ते १९७०च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये. आज अमेरिकेत गावोगावी लोक ते पोरांना घेऊन खातात. पन्नास वर्षं रांधलेला पदार्थ तिथलाच होतो, असं मी मानते.

आणि मंच्युरियन? तेही मुंबईतलंच, चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७०च्या दशकात आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. चीनमध्ये ते कुणाच्या घरी होत नाही. तरी आपण त्याला नकली म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. फक्त आमचे आचारी चीनमधल्या फूच्यौ शहराकडचे आहेत, ते त्यांच्या हातचं नाही, म्हणून मेन्यूवर नाही.

पुढच्या वेळी ऑर्डर देतानाच सांगा, सॉस वेगळा बांधून देऊ आणि सुक्या लाल मिरच्या वाढवू. ब्रोकोलीऐवजी फरसबी घालता येते. मूळ कृती मात्र आहे तशीच राहील.