काउंट वाढला म्हणजे कॅन्सर? फिरत्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, म्हणजे काउंट, ११,००० च्या वर गेली की इन्फेक्शन आहेच, लगेच अँटिबायोटिक घ्या. २०,००० च्या वर गेली तर ब्लड कॅन्सर. आणि काउंट उतरवायला सात दिवस गुळवेलीचा काढा प्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली बघते. हा मेसेज वाचून लोक औषधं घेतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘११,००० च्या वर म्हणजे इन्फेक्शनच.’ न्यूमोनिया, अपेंडिक्सची सूज, पिकलेलं गळू यांत काउंट वाढतो, हे खरंच. पण दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असलं तरी तो वाढतो: रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. रोज बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा काउंट थोडा चढाच असतो. गरोदरपणी १५,००० पर्यंत जाणं नेहमीचं, आणि बाळंतकळांत त्याहून जास्त. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे २०,००० सुद्धा नॉर्मल असू शकतात. रिपोर्टवर ४,००० ते ११,००० ही मोठ्या माणसांची रेंज छापलेली असेल, तर बाळाचा आकडा ठळक दिसतो आणि घरचे घाबरतात.

म्हणून एकूण आकड्याखालचा डीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रत्येक प्रकाराची टक्केवारी, वाचायला हवी. समजा काउंट १४,००० आहे आणि त्यात इओसिनोफिल २८ टक्के. स्मिअरवर या पेशी लगेच ओळखू येतात: दोन पाकळ्यांचं केंद्रक, भोवती केशरी दाणे गच्च भरलेले. इथे ॲलर्जी, दमा, जंत, फायलेरिया, एखाद्या औषधाची रिॲक्शन यांचा शोध घ्यायचा. ॲलर्जी किंवा जंतांवर अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक काही करत नाही. आणि उलटही लक्षात ठेवा: डेंग्यूत काउंट बहुधा उतरतो, टायफॉइडमध्येही अनेकदा नॉर्मल किंवा कमीच असतो. काउंट वाढला नाही म्हणून ताप अंगावर काढू नका.

‘२०,००० च्या वर म्हणजे कॅन्सर.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जोरदार न्यूमोनियात काउंट सहज २५,००० होतो आणि उपचारांनी उतरतो. दुसरीकडे ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, काही रुग्णांत काउंट नॉर्मल किंवा कमीही असतो, म्हणजे मेसेजच्या हिशेबाने ते सुखरूप! कॅन्सरची शंका येते ती स्मिअरवर अपक्व पेशी दिसल्या, सोबत हिमोग्लोबिन-प्लेटलेट घसरले, पाणथरी (प्लीहा) वाढली तर. सीएमएल या ल्युकेमियाच्या एका प्रकारात काउंट लाखावर गेलेला असू शकतो. पण २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध आल्यापासून त्याचे बहुतेक रुग्ण गोळ्यांवर वर्षानुवर्षं नीट जगतात.

‘गुळवेलीचा काढा.’ काउंट हा मुळात आजार नाही, त्यामुळे ‘उतरवायचं’ ते त्यामागचं कारण. शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. थंडी वाजून ताप, श्वास लागणं, हिरड्यांतून रक्त, रात्री दरदरून घाम, उतरत चाललेलं वजन, डाव्या बरगडीखाली जडपणा, यातलं काहीही असेल तर रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काहीच त्रास नसेल तरी रिपोर्ट त्यांना दाखवा, चालू असलेली सगळी औषधं सांगा, आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) पुन्हा कधी करायची ते विचारा. त्या वेळी स्मिअरही मागून घ्या.