रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा जेवणाचा थांबा नव्हे

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. सकाळी गणपतीपुळे, दुपारी रत्नागिरीत मासे, चार वाजता गाडीत बसून परत. मध्ये 'थिबा पॅलेस उरकून घेऊ' असंही म्हणतात. उरकून! ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आताच्या म्यानमारच्या, थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं आणि 1916 साली मरेपर्यंत सोडलं नाही. खाडीवरच्या टेकाडावरचा हा वाडा त्याच्यासाठी बांधला तो 1910 साली, म्हणजे आयुष्याची शेवटची काही वर्षंच तो त्यात राहिला. त्याची कबरही इथेच आहे. 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन खास तिथे येऊन गेले, पण आपल्या पाहुण्यांना गाडी वळवायला दहा मिनिटं नसतात.

माझं म्हणणं एवढंच की रत्नागिरीला किमान दोन रात्री द्या आणि दिवस उन्हाच्या नि भरती-ओहोटीच्या हिशोबाने आखा.

पहाटे रत्नदुर्गावर. तिन्ही बाजूंनी समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह. तटावरून मिरकरवाडा बंदरातली ट्रॉलरची ये-जा दिसते. याच डोंगराच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. एका शहरात दोन रंगांचे किनारे, आणि लोक विचारतात, 'इथे बघायला काय आहे?'

मग सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. माझ्या मते रत्नागिरीचं खरं धन समुद्रात नाही, कातळावर आहे. उक्षी, जांभरूण, चवे, देवूड, थोडं लांब गेलात तर राजापूर तालुक्यातलं कशेळी. जांभ्या दगडात हजारो वर्षांपूर्वी कोरलेले हत्ती, मासे, माणसं आणि ज्यांचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही अशा चौकटी. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. 2022 मध्ये कोकणातली अशी काही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पण भर दुपारी गेलात तर तापलेल्या कातळावर पाय ठरत नाही आणि सरळ उन्हात रेषाही दिसत नाहीत. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जा. तिरपं ऊन पडलं की खोदलेल्या रेषेत सावली बसते आणि चित्र उठून दिसतं. गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, त्याच्या वेळेचे पैसे द्या. आणि कृपा करून रेषा नीट दिसाव्यात म्हणून त्यात खडू भरू नका, बूट घालून हत्तीवर उभे राहू नका. (रीलवाल्यांनो, तुम्हालाच सांगतोय.)

दुपारी सौंदाळे मासे, सोलकढी आणि झोप. यावर चर्चा नको.

संध्याकाळी भाट्ये. सुरूचं बन आहे, मैलभर चालता येतं. किंवा आरे-वारेचा रस्ता धरा आणि वरच्या वळणावर थांबा. मात्र खाली उतरून पोहायचं नाही. पाण्यात स्कूटर-बिटर फिरवायची हौस असेल तर पुळ्याला भागवा, पण लाइफ जॅकेट कंबरेला बांधून नको, नीट अंगात घाला. आरे-वारेचा किनारा एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं, आणि बहुतेक वेळा आधी स्थानिकांनी 'पुढे जाऊ नका' असं ओरडून सांगितलेलं असतं. ओरडणाऱ्याला उद्धट म्हणायच्या आधी तो कशासाठी ओरडतोय ते ऐका.

पावसाळ्यात यायचं असेल तर बोटींची आशा सोडा, त्या बंद असतात. तेव्हा सड्यावर रानफुलं असतात, रेनकोट घाला आणि तिकडे चला. आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळता आला तर टाळाच, तेव्हा आम्हालाही मांडवीवर उभं राहायला जागा मिळत नाही.