मापात पाप

काल नवव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली. वेळ साडेनऊची, नंबर लागला साडेअकराला. डॉक्टर माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. पोटावर प्रोब फिरवत टायपिंगवाल्या मुलीला आकडे सांगत राहिले: "बीपीडी ८६, एसी ३००, एफएल ६६." म्हणजे बाळाच्या डोक्याची रुंदी, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी, मिलिमीटरमध्ये. अहो, ब्लाउजचं माप घेताना शिंपीसुद्धा "सैल हवं का?" एवढं तरी विचारतो!

बाहेर शेजारी एक आजी. त्यांची सून लघवी गच्च भरायला पाण्याची तिसरी बाटली संपवत होती. आजींची नजर माझ्या पोटावर.

"वजन किती सांगितलं गं?"

"दोन किलो तीनशे एकोणसाठ ग्रॅम."

"एकोणसाठ?" आजी हसल्या. "पोरी, तीस वर्षं मंडईत बसले. इतकं नेमकं सांगणाऱ्याच्या मापात पाप असतं."

मग मान तिरकी करून त्यांनी मला भोपळ्यासारखं दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. हात लावून ठोकून बघतात की काय, अशी भीती वाटली. "अडीच. वर चार मिरच्या. आणि काय गं, आत काटा कुठं असतो?"

काटा नसतो, हे मलाच सांगावं लागलं. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजायचं आणि हॅडलॉक नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या १९८५च्या सूत्रात घालायचं.

"म्हणजे अंदाजच की! माझा तर फुकट आहे."

रिपोर्ट बघितला. वजनापुढे बारीक अक्षरात अधिक-उणे ३५४. म्हणजे दोन किलोपासून दोन-सातशेपर्यंत काहीही. आजी चार मिरच्यांसकट त्यात आरामात बसत होत्या.

इथवर गंमत होती. पण त्याच कागदावर बाळ ३४ आठवडे ४ दिवसांचं. माझ्या पाळीच्या तारखेच्या हिशेबाने ३६ आठवडे १ दिवस. सासूबाई लगेच, "तारीख चुकली वाटतं तुझी." माझी! दहाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली होती, तेव्हा माझी तारीख दोन दिवसांच्या फरकाने जुळली होती. तीच धरायची. आताचं माप वयाच्या बाबतीत तीन आठवडेही इकडेतिकडे होतं. हे मी घरात चारदा सांगितलं. तरी सकाळी ताटात तुपाची वाटी, "अकरा दिवस भरून काढायचेत." माझे पाय सुजलेत, ते कुणी मोजत नाही.

आणि आत्ता ऑफिसातून क्लार्कचा फोन: "मॅडम, रजेच्या अर्जावर नक्की कुठली तारीख टाकू?"