चाबूक, गुलाम आणि पिरॅमिड: एका फॉरवर्डचा पंचनामा

व्हॉट्सअॅपवर अधूनमधून उगवणारा एक मेसेज पुन्हा फिरतोय. मजकूर साधारण असा: गिझाचा मोठा पिरॅमिड एक लाख गुलामांनी चाबकाचे फटके खात बांधला, राजा मेला की राण्या आणि नोकरचाकर त्याच्यासोबत जिवंत पुरले जात, आणि आतल्या वाटांचं गुपित फुटू नये म्हणून कारागिरांना ठार केलं जाई.

एक लाख हा आकडा हिरोडोटसचा. हा ग्रीक लेखक इजिप्तला गेला तोवर खुफू राजाचा हा पिरॅमिड उभा राहून दोन हजार वर्षं उलटली होती. ऐकलेलं त्यानं लिहून ठेवलं, तेही तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांच्या हिशेबानं. पाळ्या फॉरवर्डमधून गळाल्या, लाख तेवढा उरला. आजचे अभ्यासक वीस-तीस हजार, काही त्याहूनही कमी माणसं धरतात.

आता गुलाम. 1990 मध्ये गिझाच्या पठारावर एक घोडा मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांचं दफनस्थळ उजेडात आलं. उत्खनन पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी केलं. राजाच्या पिरॅमिडच्या इतक्या जवळ थडगी, आणि त्यांत परलोकासाठी भाकरी-बिअरची मडकी. सांगाडे बोलके आहेत: ओझ्यानं झिजलेले कणे, मोडलेली पण नीट सांधलेली हाडं. मरेपर्यंत राबवायच्या माणसाचा मोडलेला हात कोण बसवत बसतं? शेजारच्या वस्तीत मार्क लेनर या पुरातत्त्वज्ञांना भाकरीच्या भट्ट्या आणि गुरं, शेळ्यामेंढ्यांची ढिगानं हाडं मिळाली.

सगळ्यात भारी पुरावा 2013 चा. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पिअर तालेत यांच्या पथकाला खुफूच्याच काळातल्या मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी सापडली. हाताखाली चाळीसेक माणसं, काम तुराच्या खाणीतली चुनखडी होडीनं गिझाला पोचवायचं. आज तुरात दगड भरले, मुक्काम तिथेच, उद्या गिझाकडे. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. वाचताना कंटाळा येईल इतकी सरकारी नोंदवही आहे ही!

पण म्हणून 'ते सगळे खुशीनं आलेले पगारी कामगार होते' हा उलटा फॉरवर्डही गिळू नका. राजाचा हुकूम आला की पाळीवर जावंच लागे. ती वेठच होती, फक्त पोटाला नीट घालणारी.

जिवंत पुरण्याच्या गोष्टीत मात्र एक खरा कण आहे, काळ तेवढा चुकलाय. पहिल्या राजवंशात, साधारण इसवी सनपूर्व 3000 च्या आसपास, अबायडॉसला जेर राजाच्या थडग्याभोवती तीनशेहून जास्त लोक पुरले गेले. त्यातल्या बऱ्याच जणांचा बळी दिला असावा असं मानतात. तो राजवंश संपला आणि प्रथाही संपली. इजिप्तमधला पहिला पिरॅमिड, सक्काऱ्याचा, त्यानंतर दोनेक शतकांनी झाला. खुफूच्या राण्यांना तर त्याच्या पिरॅमिडशेजारी स्वतःचे छोटे पिरॅमिड मिळाले. पुढे नोकरांच्या जागी उशब्ती नावाच्या बाहुल्या ठेवायची रीत आली; एकट्या तुतनखामेनच्या थडग्यात 413 निघाल्या.

राहिलं गुपित. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा जिथे शिजली, तिथलाच हा माल. मेरेरची टोळी गिझाच्या खेपा संपवून पुढच्या कामगिरीवर गेलेली दिसते. रोजनिशी सापडली ती सिनाईच्या तांब्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बंदरात. आणि लपवण्यासारखं काही खरोखर होतं ते हजारेक वर्षांनंतर, राजांच्या दरीत, डोंगरात खोदलेल्या थडग्यांत. ती खोदणारे कारागीर देर अल-मदिना गावात बायकापोरांसह राहत, बापाचं काम मुलगा चालवी. रामसेस तिसरा या राजाच्या राजवटीच्या 29 व्या वर्षी धान्य थकलं तेव्हा याच लोकांनी काम टाकलं, 'आम्ही भुकेले आहोत' म्हणत देवळाशी जाऊन ठाण मांडलं, आणि थकबाकी पदरात पाडून घेतली.