चौथ्या दिवशी राँग साइड

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरच्या पिचकारीचा फोटो टाकला आणि पुढे दोन दिवस दुसरा विषय निघाला नाही. काकांचं म्हणणं, आपल्या लोकांना दंडुकाच लागतो. आत्या म्हणाली, घरातले संस्कारच गेले. मग नेहमीप्रमाणे गाडी माझ्यावर आली: 'तू सांग रे, तिकडे कसं असतं ते!' अकरा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला राहतोय म्हणजे शिस्तीवर बोलायचा मक्ता माझ्याकडे, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

मी काही लिहिलं नाही. डिसेंबरात पुण्याला आलो होतो तेव्हाची एक गोष्ट ग्रुपवर कबूल करायची हिंमत नव्हती. इथे करतो.

पहिल्या दिवशी भावाची अ‍ॅक्टिव्हा घेऊन निघालो. कर्वे रोडवर सिग्नल लाल झाला आणि मी इमानदारीत पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबलो. मागून तीन हॉर्न. शेजारून एक गृहस्थ, हेल्मेट हँडलला लटकवलेलं, 'जायचं नसेल तर कडेला तरी घ्या' म्हणून पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी पट्ट्यावर थांबलो, तिसऱ्या दिवशी पट्ट्याच्या पुढे. चौथ्या दिवशी दूध आणायचं होतं, यू-टर्न लांब होता, दुकान समोर दिसत होतं. गेलो राँग साइडनं. वर हॉर्न वाजवत, आणि समोरून बरोबर बाजूनं येणाऱ्या माणसाकडे रागानं बघत. त्यातला राग मला अजून पचलेला नाही.

हाच मी इकडे रात्री साडेअकराला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, पादचाऱ्यांचा दिवा हिरवा होईपर्यंत थांबतो. दंड जेमतेम ५ युरो, तोही घ्यायला कुणी येत नाही. पण पलीकडच्या फुटपाथवर कुणीतरी थांबलेलं असतं. त्याच्यासोबत लहान मूल असेल तर मग विचारूच नका. लाल दिव्यात पाऊल टाकलंत तर त्या मुलाचा बाप रस्त्यापलीकडून तुमची शाळा घेतो.

चार दिवसांत माझे संस्कार गळून पडले आणि परतीच्या विमानात पुन्हा उगवले, असं म्हणायचं का?

आमच्या इमारतीत एक पाटी फिरते. ज्याच्या दाराला ती लटकते त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा. तिला म्हणतात 'केअरवोखं', झाडण्याचा आठवडा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात आपला 'केर'च ऐकू आला, आणि काम तेच निघालं. श्टुटगार्टच्या १४९२ सालच्या नगरनियमांत प्रत्येकानं आपला उकिरडा दर आठवड्याला गावाबाहेर न्यावा असं फर्मान आहे. स्वच्छता रक्तातच असती तर फर्मान कशाला काढावं लागलं असतं? आता ती भाडेकरारात असते, आणि तळमजल्यावरच्या आजींच्या डोळ्यांत. जिन्याच्या कोपऱ्यात धूळ राहिली तर आजी काही बोलत नाहीत. फक्त मी घरात असताना तो कोपरा स्वतः झाडतात, झाडूचा आवाज होईल असा.

१९७३ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. कोण थांबतं? ज्यांना 'उशीर झालाय, पळा' सांगितलं होतं त्यांतले १० टक्के थांबले, निवांत असलेल्यांतले ६३ टक्के. त्यांतले काही जण तर जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या बायबलमधल्या माणसाच्या गोष्टीवरच बोलायला निघाले होते. त्यानं फरक पडला नाही. पडला तो घड्याळानं.

हे कळायला प्रिन्स्टनला जायचीही गरज नाही. बेस्टच्या स्टॉपवर गुमान रांग लावणारा माणूस दादरला लोकलच्या दारात कोपरं मारतो. लोकल काही सेकंद थांबते, करणार काय? पिचकारीच्या याच महाराष्ट्रात शेगावच्या गजानन महाराजांच्या देवळात फरशीवर कपटा दिसत नाही. आणि इकडच्या शिस्तीचं म्हणाल, तर २०२४ मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर धावल्या. दोन रद्द गाड्यांचे प्रवासी तिसरीत शिरताना पाहिले की मला थेट कुर्ला आठवतं.

आता काकांची बाजू. तीही अगदीच फोल नाही. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांना २००२ पर्यंत पार्किंगचा दंड भरावाच लागत नसे. सगळ्यांना सारखीच मोकळीक, तरी काही देशांच्या लोकांनी पावत्यांचे ढीग लावले आणि स्वीडन-नॉर्वेच्या लोकांची पाटी कोरी राहिली. म्हणजे घरून काहीतरी सोबत येतंच. पण शहरानं कारवाई सुरू केल्यावर उल्लंघनं ९८ टक्क्यांनी घसरली, आणि तेवढ्या वेळात कुणाचे संस्कार बदलले नव्हते. दंडुका चालतो, हे काकांचं खरं. मात्र तो आपल्याच लोकांना लागतो, हे खोटं.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. जागा बदलली की नात्यातलाही मी बदलतो. इकडे मित्राकडे जायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरते, आणि आता कुणी न कळवता बेल वाजवली तर माझ्या कपाळाला आठी पडते. पुण्यात आईच्या घरी पाऊल ठेवलं की पंधरा वर्षांचा होतो. चहा हातात येतो, ताट तिथंच राहतं. बायको माझे हे दोन्ही 'मी' बघते आणि गालातल्या गालात हसते.

शेवटी परवा ग्रुपवर वाद न घालता नुसता पाटीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, या आठवड्यात माझी पाळी. काकांनी अंगठा दिला. आत्यानं विचारलं, 'म्हणजे तू जिना झाडतोस? तू?'

आईचा मेसेज तासाभरानं आला. 'पुढच्या वेळी आलास की आपला जिना दाखवते.'