चाल तीच, मग बदललं काय? (झेल्डाच्या थीमवरील प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं असं, की कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर बँडवाल्यांनी तेच गाणं क्लॅरिनेटऐवजी ट्रम्पेटवर वाजवलं म्हणून ती नवी रचना होत नाही. ‘झेल्डा’ या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेत संगीतकार कोजी कोंडोंच्या थीमचं (मुख्य चालीचं) १९८६ पासून हेच चाललंय आणि मी त्याला ‘अरेंजमेंट’ (त्याच चालीची नवी मांडणी) म्हणून उगाच डोक्यावर घेतोय. नुसतं वाद्य बदलणं म्हणजे अरेंजमेंट नव्हे, हे शंभर टक्के मान्य. पण इथे तेवढंच झालेलं नाही. तुम्ही पेटी वाजवता असं लिहिलंय, म्हणून पेटीवरच बोलू.

काळी पाचचा सा धरा, मूळ चाल त्याच पट्टीत आहे. सा, तिथून खाली मंद्र प, मग सा सा रे ग म अशी झटकन चढून ती प वर ठाण मांडते. ग आणि म शुद्ध. पुढची ओळ प प, कोमल ध, कोमल नि, तार सा. इथपर्यंतचे सूर चारुकेशीचेच (राग मात्र समजू नका, पुढे चाल त्यातून बाहेर पडते). खरी करामत खालच्या आवाजात आहे. चाल वर चढत असताना बास सा, कोमल नि, कोमल ध असा पायरी-पायरीने उतरतो. दोन आवाज एकमेकांपासून लांब जातात, म्हणून मोकळ्या माळावर आल्यासारखं वाटतं. पेटीवर डावा हात भात्याला अडकलेला असतो, तेव्हा बाससाठी दुसरा माणूस शेजारी बसवा. आधी त्याला नुसता सा धरून ठेवायला सांगा, मग उतरता बास वाजवायला. वरची बोटं तीच असूनही चाल पार बदलते.

आता हे यंत्रात कसं बसवायचं? पहिला खेळ ज्यावर चालायचा त्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या चिपमध्ये दोन पल्स (तीक्ष्ण आवाजाचे), एक ट्रँगल (मऊ आवाजाचं), एक नॉइज (खरखरीचं) आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी एक, असे पाचच चॅनेल, म्हणजे एकावेळी पाचच आवाज. चाल एका पल्सवर, जोडीचा आवाज दुसऱ्यावर, बास ट्रँगलवर. ट्रँगलचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. तो एकतर वाजतो, नाहीतर बंद. त्यामुळे बास हळूहळू विरत नेणं जमतच नाही, सूर लांबीने तोडावे लागतात. शिवाय खेळात तलवारीचा किंवा इतर कसला आवाज आला की तो एखादं चॅनेल तेवढ्यापुरतं हिसकावून घेतो. म्हणून काय तुटलं तरी चाल ओळखू येईल, हे आधीच ठरवावं लागतं. जपानमध्ये डिस्कवर आलेल्या आवृत्तीत आणखी एक वेव्हटेबल चॅनेल (हवी तशी ध्वनिलहर आखून वाजवणारं) होतं. १९८७ च्या अमेरिकन कार्ट्रिजमध्ये (यंत्रात खोचायच्या डबीत) ते नव्हतं, त्यामुळे त्याच खेळाच्या शीर्षक संगीताची मांडणी पुन्हा करावी लागली. आणि त्या पहिल्याच खेळात शीर्षकाला ही चाल संथ आहे, मैदानात दौडती. म्हणजे तुम्ही जिला ‘मूळ’ म्हणता ती पहिल्या दिवसापासून दोन रूपांत आहे.

याच मालिकेतल्या १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये, नव्या यंत्रावर, आठ आवाज मिळाले, पण अडचण मेमरीची. आवाजाला सगळी मिळून ६४ केबी. प्रतिध्वनीच्या दर १६ मिलिसेकंदांना २ केबी जातात. कमाल २४० मिलिसेकंद घेतले तर ३० केबी गेले, म्हणजे जवळपास निम्मी जागा. वाद्यांचे नमुने (रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे) उरलेल्या जागेत कोंबायचे. नमुना छोटा घेतला की एकच तुकडा फिरवून फिरवून वाजवावा लागतो, आणि मूळ सुरापासून फार वर-खाली ताणला की वाद्य ओळखू येत नाही.

तुमच्या मुद्द्याला सगळ्यात थेट उत्तर १९९८ चं ‘ऑकरिना ऑफ टाइम’ देतं. तिथे मैदानावर ही पूर्ण चाल नाहीच. नवीन संगीत आठ-आठ मापांच्या (तालाच्या आवर्तनांसारख्या भागांच्या) तुकड्यांत लिहिलंय आणि ते तुकडे क्रम बदलून वाजतात. नुसतं उभं राहिलं की शांत तुकडे येतात, शत्रू जवळ आला की तणावाचे. यात एक बंधन फार कडक आहे: कुठल्याही तुकड्याचा शेवट कुठल्याही तुकड्याच्या सुरुवातीला जुळला पाहिजे. नाहीतर जोडावर सूर अडखळतो आणि ऐकणाऱ्याला सांधा कळतो. बँडमास्तरला हे नवीन नाही. मिरवणूक अचानक थांबली किंवा पुढे सरकली की तोही हातवारे करून कडवं फिरवतो किंवा मुखड्यावर येतो. माझ्या मते तुमचं बँडचं उदाहरण इथे चपखल बसतं. फक्त ते वाद्य बदलण्याचं नाही, प्रसंग बघून वळण घेण्याचं आहे.

नुसत्या वाद्यांनी काम होत नाही, या एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. मोठा वाद्यवृंद मिळाला की प्रत्येक आवाज भरायचा मोह होतो, आणि मधली जागा भरली की तो उतरता बास ऐकूच येत नाही. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये मैदानावर पियानोचे तुटक सूर आहेत, बाकी वारा आणि गवत. रात्री घोड्यावरून बराच वेळ गेलात तर जुनी चाल येते, पण इतकी संथ की पहिल्यांदा लक्षातच येत नाही. तुमच्या पेटीवर पहिली ओळ चौपट संथ करा, ठेका काढून टाका, मंद्र प मात्र सोडू नका. मग ती मूळ चालीशेजारी ठेवून ऐका आणि इथेच खाली लिहा.