‘हात काळे करून पाहावेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहिते आहे. ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देते. हा संघ नावापुरताच भारतीय होता, मालकाच्या विमान कंपनीतील लोकांचे पगार थकलेले असताना त्याच्या गाड्या मोनाकोत धावत होत्या, चालकांची निवड गुणवत्तेपेक्षा पैशांवर होत असे, बेल्जियममधील स्पा येथील शर्यतीचे माझे वर्णन चुकले आहे, आणि शेवटी हे वाक्य : “ज्या संघाला दहा वर्षांत एक भारतीय चालक सापडला नाही, त्याच्यासाठी गळा काढणाऱ्या लेखिकाबाईंनी आधी एखाद्या गॅरेजमध्ये हात काळे करून पाहावेत.”

स्पाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मी मान्य करते. २००९ च्या बेल्जियन ग्रां प्रीत फोर्स इंडियाचा जियानकार्लो फिसिकेला पोल पोझिशनवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, सुटला आणि किमी रायकोनेनच्या मागे एका सेकंदाहूनही कमी अंतराने दुसरा आला. त्याची आघाडी पिट स्टॉपमध्ये गेली, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या फेऱ्यांतच, गाड्यांचा वेग रोखून धरणारी सेफ्टी कार आत गेल्यानंतर, फेरारीकडे असलेल्या केर्सच्या (ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरणाऱ्या यंत्रणेच्या) जास्तीच्या शक्तीवर रायकोनेन त्याच्या पुढे गेला, आणि फोर्स इंडियाच्या गाडीवर ती यंत्रणा नव्हती. ही दुरुस्ती मूळ लेखात केली आहे.

मात्र चूक दाखवण्यासाठी ‘लेखिकाबाई’ या शब्दाची गरज नव्हती. याच संकेतस्थळावर क्रिकेटवर आणि रेल्वेवर लिहिणाऱ्या पुरुषांच्या चुका वाचक रोज दाखवतात, पण त्यांना कोणी ‘लेखकबुवा’ म्हणून गॅरेजमध्ये पाठवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपल्याला माझे विवेचन उथळ वाटले असेल तर ते कोठे उथळ आहे हे सांगता आले असते. आपण विवेचन बाजूला ठेवून माझ्या हातांविषयी लिहिलेत, म्हणून आता त्या हातांविषयीच सांगणे भाग आहे.

माझ्या वडिलांचे शिवडीला गॅरेज होते. दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढी जागा, पुढे रस्ता आणि मागे गोदामाची भिंत. काम मुख्यतः काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचे. बाराव्या वर्षापासून शाळा सुटल्यावर मी तिथे बसत असे. कार्ब्युरेटर उघडून त्याचे जेट पेट्रोलमध्ये धुणे, प्लगची काजळी काढून फीलर गेजने फट लावणे, ब्रेकचे लायनिंग घासणे ही कामे मी कॉलेज संपेपर्यंत केली. नखांतले ग्रीस रॉकेलने निघते आणि रॉकेलचा वास साबणाने निघत नाही, हे मला कोणी वाचून दाखवलेले नाही. आपले हात कशाने काळे झाले आहेत, ते आपण लिहिलेले नाही.

याच गॅरेजमधून एका वर्षी वडिलांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनी पावसाळ्यातल्या एका रॅलीसाठी जुनी जिप्सी तयार केली. हिशेबाची वही माझ्याकडे होती. एका तेलविक्रेत्याने पैसे देण्याचे कबूल केले, त्याच्या नावाचे स्टिकर दोन्ही दारांवर आणि बॉनेटवर लागले; पैसे मात्र शेवटपर्यंत आले नाहीत, आणि आम्ही नव्या टायरांऐवजी अर्धे झिजलेले टायर चढवून निघालो. गाडी चालवायला दोघे इच्छुक होते. एक माझा आतेभाऊ, घरचा मुलगा, सगळ्यांचा लाडका. दुसरा नाशिकचा एक ट्रान्स्पोर्टवाल्याचा मुलगा, ज्याला आमच्यापैकी कोणीही सहा महिन्यांपूर्वी ओळखत नव्हते. दोघांना एकाच घाटात, एकाच गाडीत, एकाच सकाळी पळवले तेव्हा नाशिकचा मुलगा स्पष्टपणे वेगवान निघाला. वडिलांनी त्याला बसवले. आत्या दोन वर्षे आमच्या घरी आली नाही. वडिलांना त्याचे दुःख होते, पण आपला निर्णय चुकला असे ते कधीही म्हणाले नाहीत, कारण उसन्या पैशांवर उभी केलेली गाडी नात्यासाठी हळू चालवण्याची चैन त्यांना परवडणार नव्हती.

फोर्स इंडियाच्या भारतीय चालकाचा प्रश्न मला इतकाच साधा आणि इतकाच कठीण वाटतो. २००७ च्या अखेरीस विजय मल्ल्या आणि मिखिल मोल यांनी स्पायकर संघ विकत घेतला तेव्हा तो रांगेच्या शेवटी होता. नव्या नावाने खेळलेल्या २००८ च्या पहिल्या हंगामात त्याला एकही गुण मिळाला नाही. मोनाकोच्या पावसात एड्रियन सुटिल चौथ्या स्थानावर होता, शर्यतीच्या थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या, आणि रायकोनेनची फेरारी मागून येऊन त्याच्या गाडीवर आदळली. २००९ मध्ये मर्सिडीजचे इंजिन आले, आणि त्या वर्षी संघाने मिळवलेले सगळे १३ गुण दोनच शर्यतींतून आले : स्पाला फिसिकेलाचे आठ, मोंझाला चौथ्या आलेल्या सुटिलचे पाच. फॉर्म्युला वनमध्ये हंगामाच्या शेवटी संघ कितव्या क्रमांकावर येतो यावर बक्षिसाच्या रकमेतला त्याचा वाटा ठरतो. ज्या संघाचे अख्खे वर्ष दोन रविवारांवर तगले, त्याने एक गाडी देशाभिमानासाठी राखून ठेवायला हवी होती, असे आपले म्हणणे आहे. त्या दोन रविवारी त्या गाडीत दुसरे कोण बसायला हवे होते, त्याचे नाव मात्र आपण देत नाही.

मीच नावे घेते. नरेन कार्तिकेयन २००५ मध्ये टाटांच्या पाठबळावर जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला, आणि त्याच वर्षी इंडियानापोलिसला, मिशेलिन टायरवाले सगळे संघ मागे हटल्यामुळे सहाच गाड्या धावलेल्या शर्यतीत, तो चौथा आला. हा जॉर्डन संघ म्हणजे पुढचा मिडलंड, त्यानंतरचा स्पायकर आणि मग फोर्स इंडिया. सिल्व्हरस्टोनचा तोच कारखाना. म्हणजे पहिल्या भारतीयाला गाडी देणारा संघ हाच होता, फक्त तेव्हा त्याच्या नावात इंडिया नव्हते. दुसरा भारतीय चालक करुण चंढोक याने जीपी टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या मालिकेत, २००७ ला स्पा आणि २००८ ला हॉकेनहाइम येथे शर्यती जिंकल्या, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच मालिकेचे २००९ चे विजेतेपद निको हुल्केनबर्गने मिळवले होते, आणि पॉल डी रेस्टाने २००६ ची युरोपियन फॉर्म्युला थ्री मालिका सेबास्टियन व्हेटेलला मागे टाकून जिंकली होती. फोर्स इंडियाने या दोघांना गाडी देणे हा कोणाचाही अपमान नव्हता. मला स्वतःला २०११ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर तिरंगी रंगाची गाडी भारतीय हातांत पाहायची होती. ती तशी दिसली नाही याचे वाईट वाटते, पण वाईट वाटणे आणि फसवणूक होणे यांत मी फरक करते.

सापडला नाही, हा आपला शब्दही चुकीचा आहे. याच संघाने २०११ मध्ये ‘वन फ्रॉम अ बिलियन’ नावाची निवड मोहीम देशभर घेतली आणि त्यातून निवडलेल्या तीन मुलांपैकी एक होता आपल्याच मुंबईचा जेहान दारूवाला. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनच्या साखीर ट्रॅकवर फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, सर्जियो पेरेझने आपल्या कारकिर्दीतील पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकली, आणि ज्या रेसिंग पॉइंट संघासाठी जिंकली तो फोर्स इंडियाचाच पुढचा अवतार होता. मी तो रविवार परळच्या आमच्या घरात, सुजलेल्या गुडघ्याला बर्फ लावून बसलेल्या वडिलांबरोबर पाहिला. मोठी शर्यत संपेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती, तरीही ते झोपायला उठले नाहीत.

पैसेवाल्या चालकांचा आपला मुद्दा पेरेझकडे बोट दाखवतो. त्याच्याबरोबर मेक्सिकोचे प्रायोजक आले, हे खरेच आहे. फोर्स इंडिया या नावाने संघ एकंदर सहा वेळा पोडियमवर चढला, म्हणजे पहिल्या तिघांत आला. एकदा फिसिकेला आणि पाच वेळा पेरेझ. २०१६ आणि २०१७ मध्ये मर्सिडीज, फेरारी आणि रेड बुल यांच्या मागोमाग हा संघ चौथा आला. सहाराने २०११ मध्ये १० कोटी डॉलर देण्याचे जाहीर करून ४२.५ टक्के हिस्सा घेतला होता. तरीही २०१५ च्या हिवाळ्यात नवी गाडी वेळेवर उभी राहिली नाही आणि चाचणीला जुनीच न्यावी लागली. प्रायोजकाचे स्टिकर आणि प्रायोजकाचे पैसे यांतले अंतर मी शिवडीत पाहिले आहे, म्हणून त्या हिवाळ्यानंतर मिळवलेले पाचवे स्थान मला विजेतेपदाइतके मोठे वाटते. चालकांनीही नुकसान केले, हे मी नाकारत नाही. २०१७ मध्ये पेरेझ आणि एस्तेबान ओकॉन बाकूला आणि पुन्हा स्पाला एकमेकांवर आदळले, आणि बाकूला तर जिंकण्याची संधी समोर होती. पण दोघेही वेगवान होते म्हणूनच एका कोपऱ्यात एकाच वेळी पोहोचले.

विमान कंपनीच्या पगारांचा विषय न्यायालयांत गेलेला आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा लेख ट्रॅकवरच्या संघाविषयी होता, मालकाच्या इतर व्यवसायांविषयी नव्हता, त्यामुळे त्यात मी जाणार नाही. संघ नावापुरता भारतीय होता, हे वाक्य लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात मी वेगळ्या शब्दांत लिहिले आहे. आपण तेथवर वाचले असते तर ते दिसले असते.

आणि गळा काढण्याबद्दल. २७ जुलै २०१८ रोजी हंगेरियन ग्रां प्रीच्या आठवड्यात हा संघ दिवाळखोरी हाताळणाऱ्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने तो घेतला, ४०५ लोकांच्या नोकऱ्या वाचल्या, पण तोवर कमावलेले ५९ गुण गेले आणि संघाला शून्यापासून नवी नोंद करावी लागली. त्यानंतरची पहिली शर्यत स्पाला होती. ओल्या पात्रता फेरीत ओकॉन तिसरा आला आणि पेरेझ चौथा. पगार मिळेल की नाही हे महिनाभर माहीत नसलेल्या माणसांनी त्या गाड्या तयार केल्या होत्या. त्या माणसांसाठी मी लिहिले, आणि लेखातला तो परिच्छेद आहे तसाच राहील.